‘साप दिसला, अर्थ सांगा’: स्वप्नांचा अर्थ लावताना या चुका टाळा

सकाळी सात वाजता फोनवर निरोप येतो: ‘ताई, रात्री स्वप्नात साप दिसला. अर्थ सांगा.’ एवढंच. साप कुठे होता, कसला होता, काय करत होता, बघणाऱ्याला काय वाटलं, यातलं काहीच नाही. विचारलं तर उत्तर येतं, ‘ते नाही आठवत, पण साप म्हणजे काय ते सांगा ना.’

बावीस वर्षं मी स्वतःची स्वप्नं वहीत लिहिते आहे, आणि जवळजवळ तितकीच वर्षं ओळखीची माणसं आपली स्वप्नं माझ्याकडे घेऊन येतात. चुका त्याच त्या होतात. काही साध्या आहेत, पण काहींमुळे घरात विनाकारण भीती शिरते आणि पैसाही जातो. म्हणून हे लिहिते आहे.

यादी उघडून अर्थ शोधणं

सगळ्यात मोठी चूक ही. साप म्हणजे शत्रू, साप म्हणजे धन, साप म्हणजे पितर नाराज. ज्याला जे हवं किंवा ज्याची भीती, ते तो उचलतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत मुलाकडे राहायला आलेल्या एक मावशी होत्या. सत्तरीच्या, सगळा जन्म गावात गेलेला. त्यांना आठवड्यात तीनदा साप दिसला. मुलाने यादी पाहिली, मग एका ज्योतिषाला विचारलं. पितृदोष निघाला, विधी ठरला, आगाऊ रक्कमही दिली गेली. मावशी मात्र जेवेनाशा झाल्या, कारण आपल्यामुळे मुलाला खर्च पडतोय हे त्यांना लागलं होतं. सून त्यांना माझ्याकडे घेऊन आली.

मी विचारलं, ‘मावशी, साप कसला होता?’

‘धामण होती गं. गोठ्यात, म्हशीच्या जागेवर, दाव्याला बांधलेली.’

‘भ्यालात?’

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘भ्याले नाही. लाज वाटली.’

इथे घाई केली असती तर सगळं हातचं गेलं असतं. मी चहा ठेवला आणि गप्प बसले. हळूहळू निघालं ते असं. नव्या नवरी असताना त्या सासूच्या नकळत रोज तांब्याभर दूध विकायच्या, माहेरच्या भावाच्या पुस्तकांसाठी. दूध कमी पडायला लागलं. सासूने ठरवलं, धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते. धामण बिनविषारी, उंदीर खाणारी, आणि कुठलाच साप जनावराची धार काढत नाही. पण खेड्यापाड्यांत हा समज पक्का. पुरुषांनी गोठ्यामागे धामण गाठली आणि काठ्यांनी मारली. मावशी उंबऱ्यात उभ्या होत्या. बोलल्या नाहीत.

मी विचारलं, ‘आणि आत्ता, इथे, घरात काय चाललंय?’

पंधरा दिवसांपूर्वी कपाटातले पाचशे रुपये गेले म्हणून कामवाल्या बाईवर संशय आला होता. ते पैसे मावशींनीच नातवाला दिले होते, सहलीसाठी. सुनेला आवडणार नाही म्हणून सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी सुनेला सांगितलं. विधी रद्द झाला, आगाऊ दिलेले पैसे परत मिळाले नाहीत. स्वप्न त्यानंतरही एकदा पडलं, पण मावशी जेवू लागल्या होत्या. आता सांगा, जगातल्या कोणत्या यादीत ‘धामण म्हणजे माझ्या कृत्याचा आळ दुसऱ्यावर’ असा अर्थ सापडला असता? तो त्या एका बाईच्या पन्नास वर्षांत होता, आणि सापाचं नाव विचारल्याशिवाय हाती लागला नसता.

यावर हमखास ऐकवलं जातं, ‘पण आपल्या शास्त्रात लिहिलंय.’ मग शास्त्र पूर्ण वाचा. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात, पाचव्या अध्यायात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. म्हणजे पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषांतून आलेलं. यातले पहिले पाच वैद्याने निष्फळ समजावेत, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. दिवसा पडलेलं, फार छोटं आणि फार लांबलेलं स्वप्नही सोडून द्यायचं. म्हणजे सातातली पाच चाळणीतच खाली पडली. सापाच्या माहितीपटानंतर दिसलेल्या सापासाठी पंचांग उघडणाऱ्याने आधी ही चाळणी लावावी. आपल्याकडे ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ म्हणतात, तेही हेच.

दुसऱ्या शतकातला ग्रीक स्वप्नज्ञ आर्टेमिडोरस तर शकुनांवर विश्वास ठेवणारा माणूस. त्याने स्वप्नांवर पाच भाग लिहिले. पण तोही आधी विचारायचा: स्वप्न कुणाला पडलं, त्याचा धंदा काय, गरीब की श्रीमंत, निरोगी की आजारी, त्याच्या गावची रीत काय. अठराशे वर्षांपूर्वीचा माणूस एवढं विचारत होता आणि आज आपण मोबाइलवर एक शब्द टाकून मोकळे होतो. मला याचा खरंच राग येतो.

दात पडले, म्हणजे घरात कुणीतरी जाणार

ही दुसरी. हिने मी माणसं रडताना पाहिली आहेत. समजूत जुनी आहे आणि फक्त आपली नाही. आर्टेमिडोरसही तोंडाला घर आणि दातांना घरातली माणसं म्हणतो. रूपक म्हणून सुंदरच आहे. पण त्यावर विसंबून एका मुलाने गावाकडे रात्री दोन वाजता फोन केला. आईला दम्याचा त्रास, वडील घाबरून उठले, रात्री गाडी करून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. आईला काही झालं नव्हतं. पुढचे तीन आठवडे मात्र ती आपल्या मरणाची वाट पाहत होती, कारण फोनवर पोराने स्वप्न सांगून टाकलं होतं.

तो माझ्याकडे आला तेव्हा मी एकच विचारलं, ‘सकाळी उठल्यावर जबडा दुखतो का?’ दुखत होता. कानशिलंही ठणकायची. दंतवैद्याने दाढा पाहून सांगितलं, झोपेत दात खातोस. रात्री घालायचं प्लास्टिकचं कवच दिलं. २०१८ मध्ये इस्राएलमधल्या दोन संशोधकांनी याच स्वप्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. दात पडण्याच्या स्वप्नांचा संबंध त्यांना मानसिक ताणाशी नाही, तर उठल्यावर दात-जबड्यात जाणवणाऱ्या ताणाशी आढळला. प्रत्येकाचं असंच असेल असं नाही. माझ्या वहीत दात पडण्याची चार स्वप्नं आहेत, त्यातलं एक भाषणाच्या आदल्या रात्रीचं. पण क्रम असा ठेवा: आधी शरीर, मग मन, आणि मृत्यूचं भाकीत कधीच नाही.

स्वप्न सांगताना समोरच्याच्या काळजाचा विचार करा. आजारी माणसाला तर असलं स्वप्न सांगूच नये.

पहाटेचं स्वप्न खरं होतं

पहाटेचं स्वप्न जास्त आठवतं, एवढं खरं. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतला, बंद पापण्यांखाली डोळे वेगाने हलण्याचा टप्पा नोंदवला. ठळक स्वप्नं मुख्यतः त्यात पडतात. हा टप्पा साधारण दर दीड तासाने येतो आणि रात्र सरताना लांबत जातो. पहाटे तो सगळ्यात मोठा, आणि बऱ्याचदा त्यातूनच आपण जागे होतो. म्हणून ते स्पष्ट. स्पष्ट म्हणजे खरं होणारं, हे आपण जोडलेलं.

शब्दांकडे दुर्लक्ष

ही चूक शिकलेल्या माणसांची. एका मैत्रिणीला स्वप्न पडलं, तिच्या मुलीने ते इंग्रजीत टाकून शोधलं. उत्तर आलं, वाहतं पाणी म्हणजे समृद्धी. मैत्रीण आनंदात होती, तरी तिला दिवसभर रडू येत होतं. मी म्हटलं, मला मराठीत लिहून दे. तिने लिहिलं: ‘मी माहेरच्या अंगणात उभी आहे आणि ओंजळीतून पाणी सोडते आहे. पाणी संपत नाही.’ मी ते वाक्य तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘पाणी सोडते आहे’ला ती थांबली. आठच दिवसांपूर्वी तिने माहेरच्या घराच्या हक्कसोडपत्रावर सही केली होती. हसतमुखाने, भावांसाठी. सगळ्यांना वाटलं, तिलाही वाटलं, की तिला काही वाटलं नाही.

स्वप्न आपल्या भाषेत कोट्या करतं. हे फार जुनं निरीक्षण आहे. इ.स.पू. ३३२ मध्ये टायर शहराला वेढा घालून बसलेल्या अलेक्झांडरला स्वप्नात सॅटिर, म्हणजे अर्धपशू वनदेव, दिसला. त्याच्या पदरी असलेल्या भविष्यवेत्त्या अरिस्टँडरने ‘सॅटिरोस’ हा शब्दच फोडला: ‘सा टिरोस’, टायर तुझं आहे. मराठीत ही कोटी होऊच शकत नाही, आणि ग्रीकात ‘पाणी सोडणं’ नाही. म्हणून स्वप्न ज्या भाषेत भांडता, त्या भाषेत लिहा.

गेलेली माणसं

‘आई स्वप्नात आली, काही बोलली नाही. तिचं काही राहिलंय का?’ पितृपक्षाच्या सुमारास हे फार येतं. श्राद्ध करायचं असेल तर श्रद्धेने करा, पण स्वप्नाच्या धाकाने नको. मी एवढंच विचारते, ती आली तेव्हा बरं वाटलं का? बहुतेक जण हो म्हणतात. मग त्यात शोधायचं काय राहिलं?

लगेच न लिहिणं

स्वप्न चहाच्या आधी लिहायचं. डोळे मिटलेलेच ठेवा, कूस बदलू नका, आधी दोन-चार शब्द मनात पक्के करा, मग पेन्सिल घ्या. मोबाइल नको, निरोप दिसले की स्वप्न गेलं. मी उजव्या पानावर स्वप्न लिहिते आणि डावं पान कोरं ठेवते. संध्याकाळी डाव्या पानावर मागच्या आठवड्यात काय काय घडलं ते टिपते. पाच-सात दिवसांपूर्वीची गोष्टसुद्धा स्वप्नात येते. सगळ्यात आधी भावना, एका शब्दात: लाज, घाई, गारवा. चित्र नंतर. मावशींचं स्वप्न ‘लाज’ या शब्दाने उघडलं, सापाने नाही.

आणि एका स्वप्नावर अर्थ ठरवू नका. नव्या लोकांना तिसऱ्या दिवशी निकाल हवा असतो. मी निदान दहा स्वप्नं जमेपर्यंत काही बोलत नाही. यावर काही जण नाराज होऊन जातात, जाऊ देत.

जिथे अर्थ शोधायचाच नाही

रक्तदाबाची काही औषधं, विशेषतः बीटा ब्लॉकर, आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या यांनी भडक, भीतीदायक स्वप्नं पडू शकतात. दारू अचानक सोडल्यावरही पडतात. औषध नवीन सुरू झालं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका. आणि घरातलं वयस्क माणूस झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडत असेल, ओरडत असेल, शेजारच्याला लागत असेल, तर त्याला बाधा म्हणू नका. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हा विकार सविस्तर नोंदवला; पार्किन्सनसारख्या आजाराची ती कित्येक वर्षं आधीची खूण असू शकते. असं असेल तर स्वप्नात कोण दिसलं ते विचारत बसू नका. मेंदूविकारतज्ज्ञाची वेळ घ्या, आणि शेजारी झोपणाऱ्या माणसालाही बरोबर न्या, कारण रात्री काय घडलं ते त्यानेच पाहिलेलं असतं.