जुन्या बी-मूव्ही कशा पाहाव्यात आणि त्यांना मार्क कसे द्यावेत

मराठीत 'बी-ग्रेड' या शब्दाला एक वास चिकटलाय. बी-मूव्हीचा त्याच्याशी संबंध नाही. १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, अमेरिकेतले थिएटरवाले एका तिकिटात दोन सिनेमे दाखवू लागले. त्यातला स्वस्तातला, तासा-सव्वा तासाचा जोडसिनेमा म्हणजे 'बी'. पुढे १९५० च्या दशकात तशाच घाईत आणि तशाच तुटपुंज्या पैशांत राक्षस, उडत्या तबकड्या आणि हत्तीएवढे किडे पडद्यावर आले. आपल्याला पाहायचेत ते हे.

निवड सोपी आहे. 'जगातले सर्वांत वाईट सिनेमे' अशा याद्या उघडू नका. पहिला सिनेमा चांगला घ्या. महाकाय मुंग्यांचा 'देम!' (१९५४) घ्या किंवा बर्फातल्या तळावरचा 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड' (१९५१). नकली मुंगी नीट जमली की कशी दिसते हे ठाऊक नसेल, तर फसलेली मुंगी कळणार कशी?

पाहायचं एकट्याने, दिवे घालवून. मित्रांची टोळी दुसऱ्या खेपेला.

खरी गोम मार्कांत आहे. मी सुरुवातीची काही वर्षं जे आकडे लिहिले, त्यातले निम्मे सिनेमाला नव्हतेच. ते खराब प्रिंटला होते, नाहीतर माझ्या हसण्याला. तबकड्यांच्या एका सिनेमाला मी पाचपैकी दीड दिला होता. वहीत कारणही लिहिलं होतं: 'माइक तीनदा दिसतो, रात्रीचा पाठलाग भर उन्हात.' मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. पुढे चांगली प्रिंट मिळाली. माइक गायब, पाठलाग काळोखात.

झालं होतं असं. १९५३ पासून अमेरिकेत रुंद पडद्याची लाट आली. पण बऱ्याच सिनेमांत कॅमेरा फिल्मवर जुन्यासारखी चौकोनी चौकटच टिपत असे, आणि थिएटरात प्रोजेक्टरवरची झडप वरची-खालची पट्टी झाकत असे. माइक त्या झाकल्या जाणाऱ्या पट्टीत लोंबकळत असायचा. टीव्हीसाठी कॉपी काढताना झडप काढली गेली आणि दिग्दर्शक बिचारा गावभर मूर्ख ठरला. रात्रीचंही तसंच. रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करून नंतर गडद करत; कॉपी काढणाऱ्याने उजेड वाढवला की तिथे दुपार होते. त्यात अनेक सिनेमांच्या कॉपीराइटचं नूतनीकरण अठ्ठावीस वर्षांनी करायचं राहून गेलं. मग कोणीही उठावं आणि कॉपीची कॉपी विकावी.

म्हणून आधी चौकट तपासा. सिनेमा १९५३ नंतरचा आहे, चित्र चौकोनी आहे आणि प्रत्येक दृश्यात माणसांच्या डोक्यावर हातभर रिकामी जागा आहे? टीव्हीचं झूम लावून चित्र पडदाभर करा. श्रेयनामावलीतली अक्षरं कापली गेली नाहीत, तर बहुधा तोच त्याचा मूळ आकार. १९५३ च्या आधीच्या सिनेमावर मात्र हा प्रयोग करू नका, माणसांची कपाळं उडतील. चित्र रुंद करायला ते आडवं ताणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, उठून जातो.

'गॉडझिला' पाहणार असाल तर कोणता ते आधी बघा. १९५४ चा जपानी मूळ सिनेमा ९६ मिनिटांचा आहे. १९५६ च्या अमेरिकी आवृत्तीत काटछाट करून रेमंड बर या नटाचे प्रसंग घुसडले आहेत. दोघांना वेगळे मार्क.

आता आकडे. एकच आकडा द्यायचा हट्ट सोडा, 'इतका वाईट की चांगला' ही पळवाट तर अजिबात नको. मी दोन नोंदी करतो आणि त्यांची बेरीज कधीच करत नाही. पहिली, पाचपैकी: सिनेमाने जे करायचं ठरवलं ते किती जमलं? दुसरी: घड्याळाकडे किती वेळा पाहिलं? प्रत्येक वेळेला समासात एक रेघ.

उदाहरण घ्या. 'रोबॉट मॉन्स्टर' (१९५३) मध्ये पृथ्वीचा संहारक म्हणजे गोरिलाचा झगा आणि वर अंतराळातलं शिरस्त्राण घातलेला एक गडी. त्याच्या गुहेच्या तोंडाशी बुडबुडे सोडणारं यंत्र ठेवलंय, आणि श्रेयनामावलीत त्या यंत्राचं नावही झळकतं! पार्श्वसंगीत मात्र एल्मर बर्नस्टाइनचं, ज्यांना पुढे ऑस्कर मिळालं. माझ्या वहीत: पाचपैकी एक, रेघ शून्य. एका आकड्यात हे मावणार कसं?

'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'ला १९८० मध्ये एका पुस्तकाने वाचकांचा कौल घेऊन सर्वांत वाईट ठरवलं. त्यातले नट बेला लुगोसी १९५६ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या जागी दुसराच माणूस झग्याने तोंड झाकून वावरतो. मान्य, पहिल्या रकान्यात फार काही हाती लागत नाही. पण रेघाही नाहीत. खरे वाईट सिनेमे ते, ज्यांत तीन शास्त्रज्ञ एका खोलीत वीस मिनिटं बोलतात आणि मग लष्कराच्या जुन्या फिल्ममधल्या जीपा धावतात. तिथे माझा समास कुंपणासारखा दिसतो.

गरिबीचे मार्क द्यायचे नाहीत आणि कापायचेही नाहीत. 'कार्निव्हल ऑफ सोल्स' (१९६२) सुमारे ३३ हजार डॉलरमध्ये झाला आणि मला आजही त्यातला तो पांढरा चेहरा खिडकीत नको असतो. साडेचार.

मार्क त्याच रात्री लिहा, पेनाने. नंतर मत बदललं तर जुना आकडा खोडून नाहीसा करू नका, एक रेघ मारून शेजारी नवा लिहा. तबकड्यांच्या त्या सिनेमापुढे माझा दीड अजून वाचता येतो. शेजारी साडेतीन, आणि खाली बारीक अक्षरात: 'माइक नाही. रात्र आहे.'