रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून स्टॅटिन बंद? या चुका टाळा

नौपाड्यात औषधांच्या दुकानात बसून मला बारा वर्षं झाली. "कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, आता ती गोळी नको," हे स्टॅटिनबद्दल, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीबद्दल, आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतंच. परवा तलावपाळीवरून चालून आलेले एक काका हेच म्हणाले. गोळी घेतली की पट्टीवर पेनाने तारीख टाकायची त्यांची सवय. पट्टी अर्धी शिल्लक, शेवटची तारीख दीड महिन्यापूर्वीची.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे; ती सोडली की काही आठवड्यांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पुन्हा चढतं. पण मला जास्त धास्ती प्लाकची वाटते. प्लाक म्हणजे नळात साचलेला गाळ नव्हे, तो धमनीच्या भिंतीतल्या गळवासारखा असतो. आत मऊ चरबी, ती खाऊन फुगलेल्या पांढऱ्या पेशी, वर पापुद्रा. सूज असली की या पेशी पापुद्रा विरघळवणारी द्रव्यं सोडतात. तो फाटला की रक्ताची गुठळी धरते आणि हार्ट अटॅक येतो, कधी कधी धमनी निम्मीही बंद नसताना! स्टॅटिनने आतली चरबी घटते, सूज उतरते, पापुद्रा जाड होतो. २०१७च्या कँटोस चाचणीत कोलेस्टेरॉलला हात न लावता नुसती सूज कमी केली, तरी हार्ट अटॅक कमी झाले. स्टॅटिनच्या फायद्यात सुजेचा वाटा किती, यावर मात्र तज्ज्ञांत वाद आहे.

दुसरी चूक कॅल्शियम स्कोअरची, म्हणजे हृदयाच्या धमन्यांत किती कॅल्शियम साचलंय ते स्कॅनवरून सांगणाऱ्या आकड्याची. गोळी चालू असताना तो वाढला की लोक घाबरतात. मऊ प्लाक घट्ट होताना त्यात कॅल्शियम जमतं, म्हणून नुसत्या आकड्यावरून गोळी निकामी ठरवू नका.

सूज मोजणारी एचएस-सीआरपी तपासणी सर्दी-तापात करू नका, आकडा फुगतो.

पाय दुखतात म्हणून परस्पर गोळी सोडू नका. डॉक्टर डोस किंवा गोळी बदलून देतात. अंग फार दुखून लघवी चहासारखी काळपट झाली, तर मात्र गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा. आणि एक दिवस चुकलं म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

काकांनी काउंटरवरूनच डॉक्टरांना फोन लावला. गोळी त्याच रात्रीपासून सुरू झाली.