गांधीजींची जुनी तिकिटं जमवताय? दहा रुपयांचं शेवटी घ्या

गांधीजींच्या तिकिटांचा नाद लागला की पहिली नजर जाते १९४८च्या दहा रुपयांच्या तिकिटावर. ते सगळ्यात शेवटी घ्या. आधी डोळा तयार होऊ द्या.

आवाका ठरवा. सगळ्या जगाची गांधी-तिकिटं जमवायला गेलात तर आयुष्य पुरणार नाही. भारताचीच घ्या, तीही १९४८ ते १९६९. १५ ऑगस्ट १९४८ला चार तिकिटं निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. पूर्ण संच पोस्टात अकरा रुपये एक आण्याला पडायचा. तिकिटांवर ‘बापू’ हा शब्द देवनागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत आहेत. गंमत म्हणजे छपाई आपल्या नाशिकची नाही, स्वित्झर्लंडची. दुसऱ्या टोकाला १९६९चा जन्मशताब्दी संच: वीस पैसे, पंचाहत्तर पैसे, एक रुपया, पाच रुपये. सुरुवात या संचापासून करा. चूक झाली तरी खिसा फारसा हलका होत नाही.

घरातली पत्रं आधी चाळा. माळ्यावरची ट्रंक, आजोबांची पत्रं, जुनी लग्नपत्रिकांची पाकिटं. पण तिकीट दिसलं की कात्री उचलू नका. शाळेत असताना मी टिळकांच्या १९५६च्या दोन आण्यांच्या तिकिटाचं पाकीट पाण्यात घातलं. तिकीट छान सुटलं, पण त्यावर आणि कागदावर मिळून उमटलेला रत्नागिरीचा गोल शिक्का अर्धाच हातात राहिला. टिळकांच्या जन्मगावचा शिक्का! शिक्का स्वच्छ असेल तर पाकीट तसंच्या तसं जपा.

सोडवायचंच असेल तर तिकिटाभोवती बोटभर कागद ठेवून कापा आणि साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या. ओढू नका, ते आपोआप सरकतं. रंगीत पाकिटाचे तुकडे वेगळ्या वाडग्यात टाका, नाहीतर सगळीच तिकिटं गुलाबी होतील. मग टीपकागदावर पालथं ठेवा, किंचित ओलसर असतानाच जाड पुस्तकाखाली दाबा. न वापरलेलं, मूळ डिंकाचं तिकीट मात्र पाण्याजवळही नेऊ नका. त्याची निम्मी किंमत त्या डिंकातच असते.

आता ते दहा रुपयांचं. याच्या नकला भरपूर आहेत. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि चेहऱ्यावरची सावली बघा. अस्सल तिकीट ग्रॅव्ह्युअरने, म्हणजे कोरलेल्या साच्यातून शाई उतरवून छापलेलं आहे, त्यामुळे सावली दाट-फिकी होत सलग उतरते. साध्या ऑफसेटच्या नकलेत ती ठिपक्यांत फुटते. मग दातेरी कडा मोजा: दोन सेंटिमीटरमध्ये साडेअकरा छिद्रं भरली पाहिजेत. पट्टीने हे जमत नाही, छिद्रमापक लागतो. शेजारी त्याच संचातलं दीड आण्याचं खात्रीचं तिकीट ठेवून ताडून बघा. छपाई एकाच घरची असल्याने फरक लगेच डोळ्यात भरतो. म्हणून म्हटलं, स्वस्त तिकीट आधी.

आणि ‘सर्व्हिस’ असा शिक्का छापलेला संच कुणी स्वस्तात दाखवला, तर चहा प्या आणि उठा. तो गव्हर्नर जनरलांच्या वापरासाठी अगदी मोजका काढला होता. खरा असेल तर तो असा टेबलावर येत नाही. मोठी रक्कम मोजायची वेळ आली तर तज्ज्ञाचं प्रमाणपत्र असल्याशिवाय पैसे काढू नका.

ठेवण. चिमट्याने उचला, स्टॉकबुकात (तिकिटं खोचून ठेवायच्या पट्ट्यांच्या वहीत) ठेवा, स्टॉकबुक उभं ठेवा. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन म्हणजे तिकिटाचा खूनच. आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा: डिंक पानाला धरतो, कडांवर तांबूस डाग पडतात. जूनच्या आधी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि मधूनच उघडीप मिळाली की स्टॉकबुकं तासभर पंख्याखाली उघडून ठेवा.