कासव, साप किंवा सरडा घरी आणण्याआधी

प्राणी आणायचा दिवस ठरला की सगळे काचपेटी, दिवा आणि वाळू यांच्या मागे लागतात. ते सोपं आहे, विकणारासुद्धा सांगेल. ही यादी जंतूंची आहे. तो प्राणी पाळायला कायद्याने परवानगी आहे, एवढं तुम्ही पाहिलंच असेल असं धरून चालतो.

पहिलं काम घरातली माणसं मोजण्याचं. पाच वर्षांखालचं मूल, पासष्टी ओलांडलेलं कुणी, गरोदर बाई, केमोथेरपी चालू असलेला किंवा अवयव प्रत्यारोपण झालेला माणूस, यांपैकी एक जरी घरात असेल तर माझं मत सरळ आहे: आत्ता आणू नका. या प्राण्यांच्या आतड्यात राहणारा सॅल्मोनेला हा जंतू धडधाकट माणसाला चार ते सात दिवस जुलाब, ताप आणि पोटात कळा देतो आणि बहुधा अँटिबायोटिकशिवायच जातो. तान्ह्या बाळात मात्र तो रक्तात उतरू शकतो, मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतो. तेव्हा अँटिबायोटिक लागतंच, आणि नेमका तोच जंतू औषधाला दाद देईनासा झालेला असला तर डॉक्टरांच्या हातातले पर्याय भराभर कमी होतात. बाळाने प्राण्याला हात लावायलाच हवा असंही नाही. हाताळणाऱ्याच्या बाहीवरून किंवा टाकी धुतलेल्या बेसिनमधूनही जंतू पोचतो.

प्राणी तरतरीत दिसतो म्हणून निर्धास्त होऊ नका. सॅल्मोनेला सरपटणाऱ्या प्राण्याच्या आतड्यात बिनभाड्याच्या भाडेकरूसारखा राहतो, घरमालकाला, म्हणजे त्या प्राण्याला, बहुतेक वेळा काही त्रास देत नाही. विष्ठेतून तो सतत पडत नाही, अधूनमधून पडतो. म्हणून विष्ठेचा एक रिपोर्ट निगेटिव्ह आला तर त्याचा अर्थ एवढाच, की त्या नमुन्यात तो सापडला नाही. प्रवास आणि नवी जागा यांचा ताण आला की पडण्याचं प्रमाण वाढू शकतं. पाहुण्यांना प्राणी दाखवायची हौस पहिले काही आठवडे आवरा.

विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारा: याला आजवर कोणती अँटिबायोटिक दिली, आणि कशासाठी? ‘जंतू नसावेत म्हणून देतो’ असं उत्तर आलं तर मी तिथून प्राणी घेणार नाही. यामागे कासवांची एक जुनी गोष्ट आहे. छोटी कासवं मुलं तोंडात घालत, आजारी पडत, म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा, म्हणजे साधारण दहा सेंटिमीटरपेक्षा, लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद केली. निर्यात मात्र चालू राहिली, आणि कासवं जंतुमुक्त व्हावीत म्हणून अंडी जेंटामायसिन या अँटिबायोटिकमध्ये बुडवण्याची पद्धत आली. जंतू कमी झाले, संपले नाहीत. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातून कॅनडात आलेल्या अंड्यांची तपासणी १९९० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांवर सापडलेल्या सॅल्मोनेलापैकी बहुतेक जेंटामायसिनला दाद देत नव्हते. औषधाने कमकुवत जंतू मारले आणि चिवटांना जागा करून दिली. त्यामुळे प्राणी ‘स्वच्छ’ करायला घरीही कधी गोळी देऊ नका. कधीच औषध न घेतलेल्या रानातल्या प्राण्यांतही माती-पाण्यातून आलेले असे चिवट जंतू सापडतात, मग आपण त्यांत भर कशाला घालायची?

पशुवैद्य प्राणी येण्याआधी शोधून ठेवा, आणि त्याला सापा-सरड्यांचा अनुभव आहे का ते विचारून घ्या. प्राणी आजारी पडला तर औषध सुरू होण्याआधी नमुना घेऊन कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे जंतू वाढवून त्यावर कोणतं औषध चालतं ही तपासणी, करतील का, हेही आत्ताच विचारा. सरपटणाऱ्या प्राण्यांना नेहमी दिली जाणारी औषधं माणसांच्या औषधांची सख्खी भावंडं आहेत. प्राण्यांच्या एन्रोफ्लॉक्सासिनचं शरीरात काही प्रमाणात माणसांना देतात ते सिप्रोफ्लॉक्सासिनच होतं, आणि सेफ्टाझिडिम हे माणसांच्या सेफ्ट्रायॅक्सोनच्या घराण्यातलं. अमेरिकेत २०१२ ते २०१४ या काळात बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्यामुळे सॅल्मोनेला कॉथम या सॅल्मोनेलाच्या एका प्रकाराची साथ पसरली. तिच्यात सेफ्ट्रायॅक्सोनला न जुमानणारे जंतूही आढळले, आणि गंभीर सॅल्मोनेलात मुलांना हेच औषध दिलं जातं.

खरेदीच्या यादीत दोन चांगले थर्मामीटर लिहा. या प्राण्यांचं शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालतं, त्यामुळे औषध शरीरातून किती वेगाने बाहेर पडेल तेही तापमानावर ठरतं. म्हणून तर काही इंजेक्शनं बहात्तर तासांतून एकदाच देतात. पेटी थंड पडली की मात्रेचा हिशेब चुकतो आणि प्राण्याची स्वतःची प्रतिकारशक्तीही मंदावते.

खाण्याची सोय करताना गोठवलेल्या उंदरांचा डबा घरच्या अन्नापासून पूर्ण वेगळा ठेवा. गोठवल्याने सॅल्मोनेला मरत नाही. अशा उंदरांमुळे अमेरिका आणि ब्रिटनमध्ये माणसांत साथी आल्या आहेत. उंदीर ओट्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये वितळवू नका, त्यासाठी वेगळं भांडं आणि वेगळा चिमटा ठेवा.

सफाईसाठी स्वतंत्र बादली, ब्रश आणि हातमोजे लागतील. बादलीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, नाहीतर कुणीतरी तिच्यात कपडे भिजवतं. स्वयंपाकघरातलं सिंक या कामाला कधीच नाही. कासवाच्या टाकीचं पाणी शौचालयात ओता. टाकीच्या भिंतीवर आणि फिल्टरमध्ये जो बुळबुळीत थर धरतो, त्याच्या आड जंतू सुरक्षित असतात. तो आधी साबणाने घासून काढायचा, मगच पातळ केलेलं ब्लीच लावून दहा मिनिटं ठेवायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. घाणीवर नुसतं ब्लीच ओतलं तर ते घाणीतच खर्ची पडतं. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

हात साबणाने वीस सेकंद धुवायचे, प्राण्याला हात लावल्यावर आणि पेटीला लावल्यावरही. सॅनिटायझर फक्त पाणी नसेल तेव्हा. मुका घ्यायचा नाही, हे मोठ्यांनाही सांगावं लागतं!

शेवटी एक वही घाला. प्राण्याला कोणतं औषध, किती दिवस, कल्चरमध्ये काय आलं, सगळं तारखेसह लिहा. घरात कुणाला ताप-जुलाब झाले तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, घरी सरडा आहे, आणि वही पुढे करा. गावाला जाताना प्राणी ज्याच्याकडे ठेवाल त्याच्या घरातली माणसंही अशीच मोजा, आणि वहीसोबत ती बादलीही द्या.