भाताच्या खाचरांत ओल-कोरड पद्धत: संस्थेने सुरुवात कुठून करावी

ओल-कोरड म्हणजे खाचर सतत तुडुंब न ठेवता पाणी उतरू द्यायचं आणि मग पुन्हा भरायचं; यात पाणी वाचतं आणि मिथेन हा हवा तापवणारा वायूही कमी निघतो. पाणीवापर संस्थेत ही पद्धत आणायचा ठराव मागाहून करा. आधी एवढंच शोधा, की पाणी वाचलं तर पैसा कोणाचा वाचतो? पाणीपट्टी क्षेत्रावर असेल तर पाणी वाचवणाऱ्या सभासदाच्या पदरात काहीच पडत नाही. अशा संस्थेत मिथेनवर कितीही भाषणं द्या, टाळ्या पडतील आणि खाचरं तुडुंबच राहतील. सचिव म्हणून माझा आग्रह असतो की पट्टी पंपाच्या तासांवर बसवा. फिलिपिन्समधल्या तार्लाक प्रांतात 2002 पासून सामूहिक विहिरीच्या पंपावर ही पद्धत शेतकऱ्यांनी उचलली, कारण इंधनाचा खर्च त्यांच्याच खिशातून जात होता.

साहित्य म्हणजे जमिनीखालची पाण्याची पातळी पाहायला पीव्हीसीची नळी, बस. 30 सेंमी लांब, 10 ते 15 सेंमी व्यासाची. खालच्या अर्ध्या भागाला चारही बाजूंनी भोकं पाडा, तेवढा भाग चिखलात ठोका आणि आतली माती उपसून काढा. जागा सपाट हवी, बांधापासून हातभर आत, म्हणजे जाता-येता डोकावता येतं. काही तासांनी नळीतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला आलं नाही तर भोकं बुजली आहेत असं समजा.

लावणीनंतर एक-दोन आठवडे पाणी भरलेलंच ठेवा. तण माजलं असेल तर आणखी थोडं थांबा. मग पाणी उतरू द्या. नळीत ते जमिनीखाली 15 सेंमीवर गेलं की पुन्हा 5 सेंमी भरा. नत्र खत द्यायचं ते कोरड्या जमिनीवर, पाणी सोडण्याच्या अगदी आधी. फुलोऱ्याच्या आधी आणि नंतर एकेक आठवडा मात्र पाणी भरलेलंच ठेवा, तिथे ताण बसला तर दाणे पोचट राहतात. सभासदांची खरी भीती हीच असते आणि ती रास्त आहे.

पाण्याखालच्या मातीत हवा नसते, म्हणून तिथले जिवाणू मिथेन तयार करतात. माती अधूनमधून मोकळी झाली की हे उत्पादन मोडतं. हवामान बदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या 2006 च्या मार्गदर्शिकेत, हंगामात अनेकदा निचरा केलेल्या भाताचं मिथेन सतत भरलेल्याच्या जवळपास निम्मं धरलं आहे. नायट्रस ऑक्साइड हा हवा तापवणारा दुसरा वायू थोडा वाढू शकतो, तरी एकूण फायदाच राहतो.

पहिला प्रयोग अध्यक्षांच्या शेतात नको. तिथे पीक चांगलं आलं तर लोक म्हणतात, त्यांचं काय! सभेत सगळ्यात जास्त शंका काढणारा सभासद गाठा, शेत रस्त्याकडेचं असेल तर उत्तम. अर्धं जुन्या पद्धतीने, अर्धं नव्या. वाण एक, लावणी एका दिवशी, मधला बांध पाझरणार नाही इतका पक्का. कापणीनंतर दोन्ही धान्य सगळ्यांसमोर वेगवेगळं तोला. नव्या भागात उतारा कमी आला तर फरक संस्था भरून देईल, हे आधी कागदावर लिहून द्या. शंकेखोराला तोंडी आश्वासन पुरत नाही, आणि का पुरावं?

दुसऱ्या हंगामात नळ्या वाटण्याआधी पाणी सोडणाऱ्या माणसाला शिकवा. पाळी तारखेने नाही, नळी पाहून द्यायची. शेवटच्या टोकाच्या खाचरांची नोंद त्याच्या वहीत रोज असू द्या. वर वाचलेलं पाणी टोकाला पोचतंय की नाही, हे संचालक मंडळाने त्या वहीवरूनच तपासावं.