राजकीय-सामाजिक सिद्धांत पदव्युत्तर पातळीवर शिकताना: वाचन, युक्तिवाद आणि निबंध

पदवीच्या परीक्षेत प्रश्न येतो, ‘रूसोचा सामूहिक ईहेचा (म्हणजे सगळ्या समाजाच्या समान हिताच्या इच्छेचा) सिद्धांत स्पष्ट करा.’ पदव्युत्तर वर्गात त्याच पानांवर वेगळा प्रश्न येतो: रूसोच्या गृहीतकांतून त्याचा निष्कर्ष निघतो का, आणि निघत नसेल तर गाडं नेमकं कुठे अडतं? नव्या विद्यार्थ्यांची निम्मी अडचण या बदलातच आहे. जुन्या सवयीनं जीवनपट, काळ, प्रभाव, वैशिष्ट्यं आणि गुणदोष असा साचा भरून निबंध दिला जातो. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नसतं, तरी गुण कमी पडतात, कारण विचारलेल्या प्रश्नाला हातच लागलेला नसतो.

वाचायला बसण्याआधी समोरचा मजकूर कोणत्या जातीच्या प्रश्नाचं उत्तर देतो आहे ते ओळखा. काही लेखक काय असावं हे सांगतात. रॉल्सचा १९७१चा न्यायसिद्धांत या प्रकारातला. काही जण काय आहे आणि का आहे हे सांगतात. समाजशास्त्रज्ञ वेबरनं अधिसत्तेचे पारंपरिक, करिष्म्यावर आधारलेली आणि कायदेशीर-बुद्धिनिष्ठ असे तीन प्रकार मांडले ते यासाठी. लोक सत्तेला वैध का मानतात हे तो सांगतो. ती सत्ता मान्य करणं योग्य आहे की नाही, यावर ते वर्गीकरण काहीच बोलत नाही. तरीही ‘वेबरच्या मते हे सरकार समर्थनीय ठरतं’ असं वाक्य दरवर्षी कुणीतरी लिहितंच.

तिसरी जात विचारांच्या इतिहासाची: हे लिहून लेखक त्या वेळी काय साधत होता? क्वेंटिन स्किनरच्या १९६९च्या निबंधानंतर या प्रश्नाला टाळून पुढे जाणं अवघड झालं. लॉकचं उदाहरण घ्या. शासनावरचे त्याचे दोन प्रबंध १६८९ मध्ये छापले गेले, म्हणून इंग्लंडमधल्या १६८८च्या क्रांतीचं समर्थन म्हणून ते वाचले जात. पीटर लॅस्लेटनं १९६०च्या आवृत्तीत दाखवलं की त्यांचा बराचसा भाग क्रांतीच्या काही वर्षं आधीच लिहून झाला होता. म्हणजे झालेल्या घटनेच्या समर्थनाऐवजी तो तेव्हा अजून न झालेल्या उठावाच्या बाजूचा युक्तिवाद होतो. मार्क्सची १८४४ची हस्तलिखितं अशीच १९३२ मध्ये प्रथम पूर्ण स्वरूपात छापली गेली. लेनिन १९२४ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या लेखनात या हस्तलिखितांचा प्रभाव शोधत बसू नका. प्रत्येक ग्रंथाच्या टिपणावर लिहिल्याचं आणि छापल्याचं अशी दोन वर्षं नोंदवा.

आता प्रत्यक्ष वाचन. अवघड मजकुराची तासाला आठ-दहा पानं हा चांगला वेग आहे. कांट किंवा हेगेल असेल तर पाचही चालतील. पहिल्या फेरीत न थांबता वाचा. दुसऱ्या फेरीत पेन्सिल घ्या आणि प्रत्येक परिच्छेदाशेजारी तो कोणतं काम करतो ते एका शब्दात लिहा: दावा, कारण, उदाहरण, विरोधकाचं मत, उत्तर. हे कंटाळवाणं आहे खरं, पण त्यानं सगळ्यात महागडी चूक टळते: लेखकानं खोडण्यासाठी मांडलेलं मत त्याच्याच नावावर घालणं. ‘बलवानांचं हित म्हणजे न्याय’ हे वाक्य प्लेटोच्या संवादात आहे, पण ते थ्रॅसिमाकसच्या तोंडी आहे आणि सॉक्रेटिस तिथेच ते खोडायला घेतो.

तिसऱ्या फेरीत युक्तिवाद स्वतःच्या शब्दांत, पायरीपायरीनं मांडा. हॉब्जच्या १६५१च्या ‘लेवायथन’चं तेरावं प्रकरण सरावाला उत्तम, कारण ते छोटं आहे आणि त्याचा गैरसमजही ठरलेला आहे: ‘हॉब्जच्या मते माणूस दुष्ट असतो.’ मांडून पाहिलं की दुष्टपणाची गरजच पडत नाही. पहिली पायरी, माणसं शक्तीनं जवळपास सारखी असतात. दुबळ्यातला दुबळाही कपटानं किंवा इतरांशी हातमिळवणी करून बलवानाला मारू शकतो. दुसरी, म्हणून हवं ते मिळवण्याची आशाही सारखीच, आणि वाटून घेता न येणारी गोष्ट दोघांना हवी असली की ते शत्रू होतात. तिसरी, सगळ्यांवर वचक ठेवणारी सत्ता नसल्यानं दुसरा गप्प बसेल याची खात्री नाही, तेव्हा आधी वार करणं शहाणपणाचं. चौथी, काहींना गरजेपलीकडे विजयाची हौस असते, त्यामुळे थोडक्यात समाधान मानणाऱ्यालाही आपली ताकद वाढवत राहावं लागतं. निष्कर्ष युद्धाचा. तेही रोजच्या मारामारीच्या अर्थानं नाही. लढण्याची तयारी सर्वांना माहीत आहे, एवढ्यानंच हॉब्ज त्याला युद्ध म्हणतो.

पायऱ्या समोर आल्या की कोणती काढली तर इमारत कोसळते ते तपासा. इथे पहिली आणि तिसरी पायरी एकमेकींकडे जरा वाकड्या नजरेनं पाहतात. हातमिळवणी करून बलवानाला मारता येतं, तर सत्ता नसतानाही काही माणसं एकमेकांवर विश्वास ठेवतात असं झालं. मग तो विश्वास वाढत जाऊन सत्तेशिवायच शांतता का नांदू नये? हा झाला तुमचा आक्षेप. पण इथे थांबलात तर निबंध अर्धा. पंधराव्या प्रकरणात हॉब्ज करार मोडणाऱ्या ‘मूर्खा’ला उत्तर देतो की साथीदारांशिवाय कुणाचाच निभाव लागत नाही, आणि दगा देणाऱ्याला कोणतीही टोळी जाणूनबुजून जवळ करणार नाही. हे उत्तर तुमच्या आक्षेपाला हरवतं, की उलट बळच देतं? चार हजार शब्दांचा निबंध इथे सुरू होतो.

त्या चार हजारांची ढोबळ वाटणी अशी: प्रश्न आणि तुमचं उत्तर पहिल्या तीनशे शब्दांत, युक्तिवादाची मांडणी बाराशेत, आक्षेप आठशेत, लेखकाच्या बाजूनं देता येईल असं सर्वांत बळकट उत्तर आठशेत, उरलेले तुमच्या निर्णयाला. लेखकाची बाजू कमकुवत करून मांडली तर ती खोडण्याला काही किंमत उरत नाही, आणि तपासणाऱ्याला ते लगेच दिसतं. पहिला खर्डा झाला की शेवटचा परिच्छेद वाचा. खरं म्हणणं बहुतेक वेळा तिथेच सापडलेलं असतं. ते उचलून सुरुवातीला न्या आणि बाकीचं त्याभोवती पुन्हा लिहा. मुदतीच्या तीन आठवडे आधी खर्डा नसेल तर याला वेळ मिळत नाही.

विषय निवडताना ‘लोकशाही आणि न्याय’ अशा जोड्या टाळा. बर्लिननं १९५८च्या व्याख्यानात नकारात्मक (कुणी आडवं न येणं) आणि सकारात्मक (स्वतःचं स्वतः ठरवणं) स्वातंत्र्य वेगळं केलं. दुसऱ्याच्या नावाखाली ‘तुमच्याच खऱ्या हितासाठी’ सक्ती होईल, ही त्याची भीती. मॅक्कॅलमनं १९६७ मध्ये म्हटलं की स्वातंत्र्याच्या कुठल्याही विधानात तीन जागा असतात: कोण, कोणत्या अडथळ्यापासून, काय करायला किंवा व्हायला मुक्त. ‘बर्लिनला सकारात्मक स्वातंत्र्याची जी भीती वाटत होती ती मॅक्कॅलमच्या सूत्रानं दूर होते का?’ हा प्रश्न चार हजार शब्दांत मावतो. ‘फूकोच्या दृष्टीतून अमुक संस्था’ या छापाचे विषय दिसतात सोपे, पण त्यांत संस्था कोणतीही असो, उत्तर आधीच ठरलेलं असतं: ती माणसांना शिस्त लावणारी सत्ता आहे. उदाहरणामुळे सिद्धांताला कुठे मुरड घालावी लागली हे सांगता येत नसेल तर विषय बदला.

दुय्यम साहित्याबद्दल मतं वेगळी आहेत. आमचं असं: हॉब्ज, लॉक, मिल थेट वाचा, हेगेलच्या आधी एखादी चांगली प्रस्तावना वाचण्यात कमीपणा नाही. स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानाचा ऑनलाइन विश्वकोश मोफत आहे. त्यातली नोंद नकाशासारखी वापरा, आणि नोंदीइतकंच लक्ष तिच्या शेवटच्या ग्रंथसूचीकडे द्या. संदर्भ देताना नुसता पान क्रमांक पुरत नाही, कारण आवृत्ती बदलली की पान बदलतं. प्लेटोसाठी १५७८च्या आवृत्तीवरून आलेले स्टेफानस क्रमांक, ॲरिस्टॉटलसाठी तसेच बेकर क्रमांक (दोन्ही आवृत्ती बदलली तरी बदलत नाहीत), हेगेलच्या विधितत्त्वज्ञानासाठी परिच्छेद क्रमांक द्या. टिपणांत शब्दशः उतारा, तुमच्या शब्दांतला सारांश आणि तुमची शंका वेगवेगळ्या रंगांत ठेवा. दोन महिन्यांनी तो सुंदर वाक्यप्रयोग आपलाच वाटू लागतो आणि वाङ्मयचौर्याची भानगड बहुधा अशीच, हेतू नसताना, होते.

सेमिनारला एक परिच्छेद आणि त्याबद्दलचा एक प्रश्न घेऊन जा. ‘हे आज लागू पडतं का?’ हा प्रश्न कुठल्याही पुस्तकाला विचारता येतो, म्हणून त्यातून चर्चा पुढे जात नाही.

लघुप्रबंधासाठी मार्गदर्शकाकडे पहिल्या भेटीला जाताना एक पान पुरतं. त्यावर प्रश्न, ज्या दोन-तीन ग्रंथांतल्या नेमक्या प्रकरणांवर तो उभा आहे ती प्रकरणं, आणि तुमच्या म्हणण्यावर येऊ शकणारा सर्वांत जड आक्षेप लिहा. भाषांतरावर काम असेल तर कळीचे उतारे दोन भाषांतरांत ताडून पाहिल्याचंही सांगा. डॉक्टरेटचा विचार असेल तर मूळ भाषा शिकायला याच वर्षी लागा. तो सर्वांत जड आक्षेप अजून सापडलेला नसेल तर भेट आठवडाभर पुढे ढकला.