लोगोभोवती काळा चौकोन: माझा अनुभव

सांगलीत मामेभावाचं हळद पावडरचं छोटं पॅकिंग आहे. लेबलसाठी त्याने पीएनजी लोगो पाठवला: पारदर्शक पार्श्वभूमी, खाली मऊ सावली. मी इमेजमॅजिकमध्ये (कमांड देऊन चित्रं बदलायचा प्रोग्रॅम) आधी रिसाइझ, मग ट्रिम केलं, म्हणजे आकार बदलून कडेची रिकामी जागा कापली, आणि जेपीजी करून पाठवलं. लगेच फोन, "दादा, हे काळं काय आलंय?"

जेपीजीत पारदर्शकता नसतेच. ती काढून टाकल्यावर खाली दडलेला रंग उघडा पडतो, आणि तो बहुधा काळा असतो. फाइल वाचल्यानंतर 'बॅकग्राउंड व्हाइट', त्यापुढे 'अल्फा रिमूव्ह' आणि 'अल्फा ऑफ' टाकलं; अल्फा म्हणजे पारदर्शकतेची माहिती. क्रम महत्त्वाचा: रंग आधी सांगायचा, मगच अल्फा काढायचा. काळं गेलं.

पण खरा वेळ खाल्ला ट्रिमने. कडेला रिकामी जागा दिसत होती, तरी कापलीच जाईना. सावलीच्या टोकाला एक-दोन टक्के अपारदर्शक पिक्सेल होते. डोळ्याला शून्य, ट्रिमला मात्र चित्रच. त्यात रिसाइझने कडा आणखी पसरवल्या होत्या. म्हणून क्रम उलटा केला: आधी ट्रिम, मग रिसाइझ, आणि ट्रिमच्या आधी 'फझ ५%', म्हणजे इतका फरक असलेले रंग सारखेच धरायचे. दहा टक्के दिले तर सावलीच खाल्ली जायला लागली!

शिवाय ट्रिमनंतर जुन्या कॅनव्हासची नोंद पुसणारं 'प्लस रिपेज' हवंच. नाहीतर पीएनजीत जुन्या कॅनव्हासचा आकार आणि सरकलेलं स्थान तसंच राहतं, मग गिंप या चित्र-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये लोगो भलत्याच कोपऱ्यात उघडतो. हे मी विसरलो होतो, आणि अर्धा तास गिंपलाच शिव्या दिल्या.

आता मूळ फाइल पीएनजीच ठेवतो. जेपीजी फक्त व्हॉट्सअ‍ॅपपुरती.